पेनफोल्डांच्या ओकखालची प्रिमरोझ

एनिड पेनफोल्ड कधी भांडत नसे. म्हणूनच एके दिवशी सकाळी तिने आपला कप धुऊन पालथा घातला आणि खिडकीबाहेर बघत, "लायोनेल, मला क्रॉयडनला परत जायचंय," असं शांतपणे म्हटलं, तेव्हा लायोनेलच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. भांडणारी बायको परवडते. तिचं म्हणणं काय आहे ते रोजच्या रोज कळत तरी असतं. न भांडणारी बायको म्हणजे विमा कंपनीचं पत्र. येतं तेव्हा एकदम शेवटची सूचना म्हणूनच येतं. आणि लायोनेलने चौतीस वर्षं विमा कंपनीत तीच पत्रं लिहिली होती, त्यामुळे त्याला ती ओळखता येत.

निवृत्त झाल्यावर लंडनचं क्रॉयडन उपनगर सोडून डेव्हनमधल्या या नेदर कूम गावात येऊन राहायची हौस लायोनेलची. एनिड तेव्हा "बरं" म्हणाली होती. त्या "बरं"चा खरा अर्थ दीड वर्षाने बाहेर पडत होता.

"का पण?" लायोनेलने विचारलं.

"ही खिडकी," एनिड म्हणाली. "दिवसातले तीन तास मी या मोरीपाशी उभी असते. समोर काय दिसतं? काळी माती. गवताची काडीसुद्धा नाही. विहिरीत बघत भांडी घासल्यासारखं वाटतं. आणि गावातलं कुणी माझ्याशी पावसापलीकडे एक शब्द बोलत नाही."

खिडकीसमोर ओकचं झाड होतं. लायोनेलच्या मते हे घर घेण्याचं मुख्य कारण ते झाडच होतं. झाड दोनशे वर्षांचं असावं. त्याची सावली मात्र आजही भर तारुण्यात होती. तिच्याखाली वीस फूट लांब, बारा फूट रुंद अशा जागेत काहीही उगवत नसे.

"मला वर्षभर वेळ दे," लायोनेल म्हणाला. "पुढच्या इस्टरपर्यंत तुला त्या खिडकीतून माती दिसणार नाही."

"आणि दिसली तर?"

लायोनेलला हे गाव आवडत होतं. इथला चिखल, इथली चढाची गल्ली, रात्री ओकवर बसून ओरडणारं घुबड, सगळंच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सकाळी उठावंसं वाटत होतं. पण बायको रोज विहिरीत बघत असताना आपण घुबडाचं कौतुक करणं त्याला बरं वाटेना.

"तर क्रॉयडन," तो म्हणाला.

तिने मान डोलावली आणि दुसरा कप धुवायला घेतला.

गावात अशी गोष्ट लपत नाही. लायोनेल पोस्टात फक्त तिकीट घ्यायला गेला होता. तिथून तो सात जणांचे सात सल्ले घेऊन परतला. एकाने आयव्हीचे वेल लाव म्हटलं. दुसऱ्याने त्याच्या मेव्हण्याचं घर आयव्हीने गिळलं ती हकीकत सांगितली. तिसऱ्याचं म्हणणं, खडी टाक. चौथ्याने सरळ खिडकी बुजवून टाकायचा उपाय सुचवला. पोस्टातल्या बाईंनी मात्र मूळ दुखण्यालाच हात घातला. "अहो, एक फांदी कापा. ऊन येईल. त्यात काय एवढं?"

एवढं असं होतं की ते झाड सरकारी संरक्षणात होतं. जिल्हा कचेरीच्या परवानगीशिवाय त्याची डहाळीही मोडायची सोय नव्हती. लायोनेलने अर्ज केला. नऊ आठवड्यांनी उत्तर आलं: अर्ज चार प्रतींत हवा, सोबत नकाशा हवा, आणि नकाशात झाड हिरव्या शाईने दाखवायला हवं. इथे लायोनेलला प्रथमच आशा वाटली. फॉर्म भरणं ही त्याच्या आयुष्याची कमाई होती. दोन संध्याकाळी बसून त्याने असा नकाशा काढला की एनिडही क्षणभर बघत राहिली. नकाशा परत आला. शाई नको तितकी गडद आहे म्हणे. चौतीस वर्षांत लायोनेल पेनफोल्डचा कागद कुणी परत पाठवला नव्हता.

फिक्या शाईचा नकाशा गेला आणि जून संपता संपता पगस्ली नावाचे अधिकारी स्वतः पाहणीला आले. त्यांनी ओकभोवती तीन फेऱ्या मारल्या, बुंध्याला फीत लावली, दोन कप चहा घेतला, आणि "असं झाड आता बघायला मिळत नाही हो," असं म्हणताना त्यांचे डोळे पाणावले. लायोनेलला वाटलं, काम झालं. आठवड्याने पत्र आलं. फांदी कापायला परवानगी नाही. शिवाय पाहणीच्या वेळी कुंपणाजवळचं हॉलीचं झाडही उत्तम असल्याचं लक्षात आल्यामुळे आजपासून त्यालाही संरक्षण देण्यात येत आहे.

"आणखी एक अर्ज कर," एनिड म्हणाली. "घरालाही मिळेल."

ती बऱ्याच महिन्यांनी थट्टा करत होती. पण लायोनेलचा अभिमान इतका दुखावला होता की ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सावली हलत नाही म्हटल्यावर सावलीत राजीखुशीने राहणारं काहीतरी आणणं भाग होतं. ते शेजारीच होतं. झुडपांच्या हेजपलीकडे मिसेस लस्कम राहत. वय त्र्याऐंशी. सत्तरीच्या आतल्या सगळ्यांना त्या अरेतुरे करत आणि सत्तरीच्या वरचे गावात फारसे उरले नव्हते. त्यांच्या घरामागे सफरचंदांच्या दाट सावलीत जमीन म्हणून दिसत नसे. सगळीकडे प्रिमरोझ. सुरकुतलेली हिरवी पानं एकमेकांत हात गुंफून बसलेली, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्यावर फिकट पिवळ्या फुलांची नुसती साय.

"याला ऊन लागतच नाही," सप्टेंबरात हेजवरून बघत मिसेस लस्कम म्हणाल्या. "कुजलेला पाला घाल, ओल ठेव आणि गप्प बस. दर दोन-तीन वर्षांनी फुलं सरली की खणून काढायचं, हातांनी फोडायचं, एकाची चार करायची. अख्खं गाव माझ्या सासूच्या एका गड्ड्यातून झालंय. विकत कुणी आणत नाही. हे घे."

आणि त्यांनी मातीसकट एक भलामोठा गड्डा लायोनेलच्या हातात दिला.

आता लायोनेलविषयी एक सांगायला हवं. तो आभार मानणारा माणूस होता. बस थांबली की ड्रायव्हरचे, दार उघडलं की दाराचे. एकदा त्याने दाढ उपटून घेता घेता दंतवैद्याचे आभार मानले होते आणि त्यात त्याची जीभ कापली होती. हे वळण त्याला आईने लावलं होतं आणि ते मोडणं त्याच्या हातात उरलं नव्हतं.

"थँक यू, मिसेस लस्कम," तो म्हणाला. "अगदी मनापासून."

म्हातारीचा चेहरा पडला. "संपलं," त्या म्हणाल्या.

"काय संपलं?"

"अरे, दिलेल्या रोपाचे आभार मानतात का कुठे? आता ते धरायचं नाही. क्रॉयडनला तुम्हाला काही शिकवतात की नाही?"

लायोनेलने ही गोष्ट एनिडला हसत सांगितली. पंधरा दिवसांनी तो हसत नव्हता. गड्डा पिवळा पडला, मऊ झाला आणि मेला. लायोनेलने त्याला रोज दोन बादल्या पाणी पाजलं होतं हे खरं. पण गावात त्याची चर्चा कुणी केली नाही. पोस्टात सगळ्यांनी एवढंच विचारलं, "आभार मानलेत म्हणे?"

मिसेस लस्कम मनाने मोठ्या. त्यांनी दुसरा गड्डा काढला. लायोनेलने दात आवळले, ओठ मिटले, गड्डा घेतला, चार पावलं टाकली आणि वळून म्हणाला, "फार चांगल्या आहात हो तुम्ही."

म्हातारीने विचार केला. "हे अर्धे आभार झाले," त्या म्हणाल्या.

त्या गड्ड्याची सहा रोपं झाली. तीन जगली. आता अशा गोष्टींवर लायोनेलचा विश्वास मुळीच नव्हता, तरी तिसऱ्या खेपेला त्याने घरातून निघतानाच तोंडात पेपरमिंटच्या तीन गोळ्या धरल्या. गड्डा हातात पडताच त्याने आभाळाकडे बघितलं आणि "उद्या पाऊस येणार" अशा अर्थाचा काहीतरी आवाज काढून घरात पळाला. त्यातलं एकही रोप मेलं नाही. पण लायोनेलचा जीव तळमळत राहिला. एका बाईने तीन वेळा खाली वाकून आपल्याला रोपं काढून द्यावीत आणि आपण तोंडात गोळ्या धरून पळावं, हे त्याला रात्रभर बोचलं. सकाळी त्याने एनिडच्या मार्मलेडची बरणी गुपचूप म्हातारीच्या फाटकावर ठेवली.

दुपारी बरणी परत आली. सोबत चिठ्ठी: "प्रिमरोझबद्दल असेल तर नको."

"तू जा," लायोनेल एनिडला म्हणाला. "मार्मलेड जास्त झालं होतं म्हणून सांग. माझा चेहरा त्यांना कळतो."

"मी? माझी त्यांची ओळख नाही."

"म्हणूनच."

एनिड बरणी घेऊन गेली. ती पाच मिनिटांत यायची ती दीड तासाने आली. "त्यांना जवळचं दिसत नाही नीट," ती म्हणाली. "पत्रं वाचून दाखवली. त्यांच्या मार्मलेडमध्ये साल फार जाड असते. मी सांगितलं तसं." एवढं बोलून ती भांडी घासायला लागली. लायोनेलला हायसं वाटलं, कारण आभारही पोचले होते आणि रोपंही वाचली होती. त्यापलीकडे त्याने काही बघितलं नाही. पुढे एनिड मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रं वाचायला जाऊ लागली, तेव्हाही ती घरात नसताना खिडकीसमोर निर्धास्त खणता येतं एवढाच अर्थ त्याने काढला.

तरीही रोपं नऊच होती आणि जागा मोठी. विकत कुणी आणत नाही हे लायोनेलला सांगितलं गेलं होतं. पण इस्टर जवळ येत होता. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तो बसने तालुक्याच्या बाजारात गेला, बारा रोपं घेतली, आणि गावात कुणी बघू नये म्हणून एक थांबा आधी उतरून, रोपांची बादली कोटाखाली धरून, गल्लीच्या आडवाटेने चालत निघाला. माणसाने लपूनछपून प्रामाणिकपणा करू नये. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या बांधांवर रानटी प्रिमरोझ होती आणि ती मुळासकट उपटणं हा कायद्याने गुन्हा होता. कोटाखाली बादली, बादलीत प्रिमरोझ, गुडघ्याला चिखल (तो वाटेत घसरला होता) आणि खिशातून डोकावणारं खुरपं, अशा अवस्थेत लायोनेलला किमान चौघांनी बघितलं. चौघांनीही टोपी काढून "छान हवा आहे" म्हटलं आणि घरी जाऊन पोलिसाला फोन केला.

कॉन्स्टेबल टोझर सायकलवरून आला. तो इतका संकोचला होता की सुरुवातीची दहा मिनिटं तो फक्त सायकलच्या चेनबद्दल बोलला.

"मिस्टर पेनफोल्ड," शेवटी तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. वाईट वाटून घेऊ नका. बांधावरून काही आणलंत का?"

चौतीस वर्षं लोकांच्या खोट्या दाव्यांची तपासणी केलेल्या लायोनेल पेनफोल्डला आयुष्यात प्रथमच कुणी चोर म्हणत होतं, आणि तेही चहा पिता पिता. त्याने उभं राहून बाजारातल्या रोपांच्या नावाच्या बारा लाकडी पट्ट्या टेबलावर मांडल्या. टोझरने त्या एकेक करून वाचल्या.

"म्हणजे विकत आणलीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेपेक्षा खंतच जास्त होती. "मागायचीत ना. माझ्या आईकडे ढीग आहेत."

"ते चोर नाहीत," एनिड स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ते फक्त क्रॉयडनचे आहेत."

दुसऱ्या दिवसापर्यंत गावाला कळलं की पेनफोल्ड निर्दोष आहे, फक्त त्याला मागता येत नाही. चोरीचा आळ परवडला असता असं लायोनेलला वाटून गेलं.

हिवाळा असाच गेला. ओकची पानं गळून एकवीसच्या एकवीस रोपं गाडली गेली. लायोनेलने ती हातांनी उकरून काढली. पानं पुन्हा पडली. त्याने पुन्हा उकरली. फेब्रुवारीत पहिली कळी आली तेव्हा तो तासभर उकिडवा बसून होता. मार्चमध्ये एका सकाळी पंचवीस फुलं उघडली. त्याने एनिडला हाक मारली. ती येईपर्यंत चिमण्यांनी त्यातली एकोणीस तोडून जमिनीवर विखरून टाकली होती. खात नाहीत हो त्या. नुसती तोडतात. पिवळं दिसलं की त्यांना काय होतं कोण जाणे.

पोस्टात उपाय एकच होता: काळा दोरा. काड्या रोवायच्या आणि त्यांच्यामध्ये काळा दोरा ताणायचा, चिमण्यांना तो दिसत नाही, पंख अडकतो, मग त्या येत नाहीत. लायोनेलने तीन रिळं संपवली. दोरा चिमण्यांना दिसत होता. तो लायोनेलला दिसत नव्हता. दुसऱ्याच सकाळी तो ड्रेसिंग गाउनमध्ये बाहेर धावला आणि दोन्ही पाय गुंतून सपाट पडला. हेजवर मिसेस लस्कमांचं डोकं उगवलं.

"चिमण्यांसाठी ना रे तो?" त्यांनी विचारलं.

लायोनेलने मातीतूनच हो म्हटलं. गाउनला बारा काड्या लटकत होत्या. घरात येऊन तो जिन्यात बसला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

त्या दिवसानंतर चिमण्या कमी झाल्या. दोऱ्याचाच गुण, असं त्याने ठरवलं. उठायला त्याला आठ वाजत, त्यामुळे एनिड साडेसहापासून झाडू घेऊन ओकखाली उभी असते हे त्याला कसं कळणार?

इस्टरच्या रविवारी त्याने मोरीपाशी उभं राहून खिडकीतून प्रामाणिकपणे बघितलं. एकवीस रोपं. चोवीस फुलं. आणि त्यांच्यामध्ये सगळीकडे, स्वच्छ, काळी माती. विमा कंपनीत असता तर त्याने असा दावा एका ओळीत फेटाळला असता.

"एनिड," तो म्हणाला, "घरांच्या एजंटला मीच फोन करतो."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. ती "नको" म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण शब्द दिला होता तो त्याने, आणि तो मोडायला बायकोकडे सूट मागणं त्याला कमीपणाचं वाटलं. मंगळवारी सकाळी त्याने फोन केला तेव्हा घराचा पत्ता त्याला दोनदा सांगावा लागला.

घरांचे दलाल गॅस्कॉइन दुपारी आले. बूट इतके चकचकीत की त्यांत ओक दिसत होता. खोल्या बघून झाल्यावर ते बागेत आले, त्यांनी ओककडे बघून हळहळ व्यक्त केली आणि घराच्या मागच्या बाजूचा अंदाज घ्यायला ते एकेक पाऊल मागे सरकू लागले.

"ही जागा अडचणीची आहे," ते म्हणाले. "असं करा, इथे फरशी घाला. दोन दिवसांचं काम. गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसतं." आणि आणखी एक पाऊल मागे सरकले.

"पाय," एनिड म्हणाली.

"काय म्हणालात?"

"पाय उचला. डावा."

गॅस्कॉइननी खाली बघितलं. बुटाखालून एक चुरगळलेलं पान आणि अर्धं पिवळं फूल बाहेर आलं होतं. त्यांनी पाय उचलला. आता दुसरा पाय कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, कारण एनिड त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होती की लायोनेललाही ती नजर नवी होती.

"ते बाजारातलं आहे," ती म्हणाली. "सगळ्यांत अशक्त तेच होतं. जानेवारीत त्याच्यावर मी बशी उपडी घालत होते. फरशी घालायची म्हणता?"

"मॅडम, मी फक्त विक्रीच्या दृष्टीने—"

"मे महिन्यात यांची फोड करायची आहे. एकवीसची साठ तरी होतील. पुढच्या वर्षी ती धरतील, त्याच्या पुढच्या वर्षी पसरतील. हेस्टर म्हणते तीन वर्षं लागतात. मधेच सोडून गेलं तर नवीन माणूस फरशीच घालणार." ती थांबली. "विकायचं नाही घर. तुम्हाला उगाच त्रास झाला. चहा घेऊन जा."

चहा न घेता गॅस्कॉइन गेले. फाटकापर्यंत ते चवड्यांवर चालले.

मिसेस लस्कमांचं नाव हेस्टर आहे हे लायोनेलला अडीच वर्षांत आज कळत होतं. त्याला बरंच काही आज कळत होतं, आणि ते सगळं एकदम आल्यामुळे तो ओकला टेकून उभा राहिला.

"पण आपलं ठरलं होतं," तो म्हणाला. "माती दिसली तर क्रॉयडन."

"दिसतेच आहे माती."

"म्हणजे मी हरलो."

"हरलास ना. कोण नाही म्हणतंय?" एनिड खाली गुडघ्यांवर बसली आणि दबलेल्या रोपाभोवतीची माती बोटांनी सैल करू लागली. "रविवारी मीच बोलायला हवं होतं. पण तू इतक्या पटकन फोनची भाषा केलीस, मला वाटलं तुलाच आता कंटाळा आला. मला इथे फार एकटं वाटत होतं, लायोनेल. तुला सांगितलं असतं तर तू लगेच अर्ज केला असतास."

"केलाच असता," तो म्हणाला.

"आता नाही वाटत तसं."

लायोनेलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्याला रुमाल सापडेना. तो वर्षभर वीस फूट बाय बारा फूट जागेकडे बघत होता आणि तिच्या कडेला उभ्या असलेल्या बायकोकडे त्याने बघितलंच नव्हतं. हे तिला सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"राहू दे," एनिड म्हणाली. "हात दे मला. गुडघे धरलेत."

त्याने हात दिला. पण तिला वर ओढायच्या ऐवजी तो स्वतःच तिच्या शेजारी, ओल्या मातीत, खाली बसला. थोड्या वेळाने दोघांच्याही लक्षात आलं की आता आपल्याला उठवायचं तर मिसेस लस्कमांनाच हाक मारावी लागणार. घाई कुणालाच नव्हती.